फणेरपेटी नागपुरात झाली, फुगली सावंतवाडीत

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी फणेरपेटी, म्हणजे फणी-कुंकवाची आरशाची पेटी, सोमवारी मिळाली. पार्सलचा पुठ्ठा भिजून लिबलिबीत झाला होता, पण आत गुंडाळलेलं लुगडं कोरडं निघालं. आधी पेटी उघडलीच नाही, नुसती फिरवून बघितली. सागाच्या रेषा खालून झाकणापर्यंत सलग चढल्यात. म्हणजे आख्खी पेटी बंद करून मग करवतीने झाकण वेगळं काढलंस. हे तुला कोणी सांगितलं माहीत नाही, पण बघून फार बरं वाटलं.

आता दुखणं सांगतो. सोमवारी झाकण जरा घट्ट वाटत होतं, गुरुवारी ते उघडेना. चौकटीचा उजवीकडचा सांधा उकलला आहे आणि पितळी किनारीच्या दोन कोपऱ्यांत केसभर फट पडली आहे. तुझे सांधे कच्चे नाहीत, मी भिंग लावून पाहिले. पेटी तू मे महिन्यात नागपुरात केलीस आणि मी ती जुलैत, सावंतवाडीच्या पावसात उघडतो आहे. तिथल्या उन्हात वाळलेल्या सागाने इथे आल्यावर हवेतलं पाणी पिऊन घेतलं.

लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला हलतं. झाकणाची तुझी फळी 250 मिमी रुंद आहे. लाकडातला ओलावा 5 टक्क्यांनी वाढला, तर एवढी सागाची फळी साधारण 2 मिमी फुगते. त्यातून तू ती चौकटीत चारही बाजूंनी सरस लावून पक्की केलीस. फुगायला जागाच नाही म्हटल्यावर तिने सांधा फोडला. पितळ यातलं काहीच करत नाही, ते होतं तेवढंच राहतं. आपल्या कामात सगळी भानगड या दोघांना एकत्र नांदवण्याची आहे. नक्षी त्यानंतर येते.

म्हणून झाकणाची फळी चौकटीच्या खाचेत सुटी बसव. मधोमध सरसाचा एक ठिपका पुरे, म्हणजे ती खुळखुळणार नाही आणि दोन्हीकडे सारखी हलेल. उन्हाळ्यात करत असशील तर खाचेत फुगण्यापुरती जागा जास्त ठेव. पितळी किनार फळीवर नको, चौकटीच्या पट्ट्यांवर घे. तिथे पट्टी लाकडाच्या रेषेबरोबर धावते आणि भांडण होत नाही. रेषेला आडवं पितळ घ्यायचंच असेल तर छोटे तुकडे घे. आज कोपरे उघडलेत. उलट झालं असतं, म्हणजे पेटी पावसात करून उन्हाळ्यात नागपूरला गेली असती, तर लाकूड आकसून पट्टीच कमानीसारखी वर उठली असती.

पट्टी बसवण्याबद्दल विचारलं होतंस. खाचेची रेघ पेन्सिलीने नको, धारदार सुरीने मार. 1.5 मिमी जाडीची पट्टी असेल तर खाच 1.3 मिमी खोल कर, पट्टी जराशी वर राहू दे. पट्टीची खालची बाजू काचकागदाने खरवडून थिनरने पूस आणि एपॉक्सीने चिकटव. फेविकॉल धातूला धरत नाही. वर राहिलेलं पितळ आधी कानशीने उतरव, काचकागद शेवटी आणि हलक्या हाताने. जोरात घासलंस तर पितळ तापतं आणि एपॉक्सी मऊ पडतं. त्याआधी आजूबाजूच्या लाकडावर लाखेच्या पॉलिशचा एक पातळ हात मारून घे, नाहीतर पितळेची काळी भुकटी लाकडाच्या छिद्रांत बसते. तुझ्या पेटीवर मधल्या फुलाजवळ ती बसलीच आहे. हेदूसारख्या पिवळ्या लाकडावर ती फार वाईट दिसते.

मैनपुरीची तारकशी जमेल तेव्हा जवळून बघ. उत्तर प्रदेशातले ते कारागीर पितळेची तार ठोकून चपटी करतात आणि शिसमात बारीक चीर पाडून ती उभी ठोकतात. सरस नाही, काही नाही, लाकूडच तिला धरून ठेवतं. पूर्वी ते खडावांवर हे काम करत. तुकडे छोटे आणि वळणाचे असल्यामुळे लाकूड हललं तरी तार सांभाळून घेते. तू एक कुयरी अशी करून बघ, शिसवीच्या टाकाऊ तुकड्यावर. दहा बिघडतील, बिघडू देत. मुंबई-सुरतेकडची सादेलीही अशीच बघण्यासारखी आहे. हस्तिदंत, आबनूस आणि कथलाच्या बारीक काड्या एकत्र चिकटवून जुडी करायची आणि ती आडवी चिरून पातळ चकत्या काढायच्या. प्रत्येक चकतीवर तीच चांदणी. ही विद्या शिराझहून सिंधमार्गे आली.

आजीच्या जुन्या हस्तिदंती सोंगट्या कापून नक्षीत घालू का, असं लिहिलंस. नको. हस्तिदंताच्या वस्तूची विक्री कायद्याने बंद आहे, आणि तू पेट्या विकायला निघाली आहेस. शिवाय सोंगट्या सोंगट्याच राहू देत. पांढरटपणा हवा असेल तर एखादं फिकट लाकूड घे.

आता बिजागऱ्या. हे मी पहिल्यांदा सांगायला हवं होतं, कारण कामात त्या पहिल्या येतात. पेटीचं माप काढण्याआधी बिजागरी, कडी आणि कुलूप विकत आणून टेबलावर ठेव. बाजारातल्या एकाच जोडीतल्या दोन बिजागऱ्याही सारख्या नसतात. दोन्ही मोजून घे आणि प्रत्येकीची खाच तिच्याच मापाने पाड. आधी प्रत्येक पानात एकच स्क्रू लाव, झाकण बसवून बघ, मग बाकीचे.

पितळी स्क्रू सरळ लाकडात पिळू नकोस. आधी बारीक भोक पाड, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घे आणि काढ. मग पितळी स्क्रूला मेण चोळून हलकेच बसव. पंचविशीत असताना लग्नाच्या रुखवतातली एक पेटी मी आदल्या रात्री पुरी करत होतो. नक्षी झाली होती, पॉलिश झालं होतं. शेवटच्या स्क्रूचं डोकं तुटून हातात आलं आणि दांडी सागात अडकली. ती काढताना मागची फळी चिरली. सकाळी त्या मुलीच्या आईसमोर उभा राहिलो ते मला अजून आठवतं. तेव्हापासून मेणाचा गोळा माझ्या खिशात असतो. तुझ्या पेटीत कुंकवाखाली लावायच्या मेणासाठी तू वेगळा कप्पा केला आहेस, तो पाहून मला हेच सगळं आठवलं.

आरसा छान बसलाय, पण तो सिलिकॉनने चिकटवलेला दिसतो. आंबट वासाचं सिलिकॉन आरशाच्या मागचा मुलामा खातं. बारीक पट्ट्यांनी धर, कडेला थोडी जागा ठेव. आतून तेल लावू नकोस, वास वर्षानुवर्षं जात नाही. आत लाखेचं पॉलिशच बरं. आणि घेणाऱ्याला सांग की पितळ काळं पडलं तर चिंच लावायची नाही, लाकूड डागाळतं.

पुण्याला जाशील तेव्हा राजा दिनकर केळकर संग्रहालयात अर्धा दिवस काढ. तिथल्या जुन्या पेट्यांची नक्षी सगळेच बघतात. तू झाकण कुठे टेकतं, आरसा कशाने धरलाय आणि बिजागरी किती आत घेतली आहे ते बघ, वहीत काढून आण.

पेटी मी दुरुस्त केलेली नाही, ते तूच करायचं आहेस. पाऊस थोडा उघडला की परत पाठवतो. आल्यावर दोन-तीन आठवडे नुसती खोलीत ठेव, लाकूड तिथल्या हवेला येऊ दे, मग उकललेला सांधा पूर्ण सोडवून फळी बाहेर काढ. काढताना घाई करू नकोस, सरसावर गरम पाण्याचं फडकं धर, सुटेल. कुंकवाच्या कप्प्यात पितळी बिजागऱ्यांची एक जोडी ठेवतो आहे, माझ्याकडे जपून ठेवलेल्या शेवटच्या दोन. दोघींत अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे, मोजून घे.

तुझा,
काका