प्रेडनिसोलोन, पोट आणि फसवा वजनकाटा

ताई, सात वर्षांच्या मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोमसाठी (लघवीतून प्रथिनं वाहून जाण्याचा मूत्रपिंडाचा आजार) प्रेडनिसोलोन चालू आहे आणि तो गुबगुबीत झालाय. सासूबाईंना आमवातासाठी वर्षभर तेच औषध आहे, पण त्यांचं वजन हललेलं नाही. आणि ऑफिसच्या ताणाने तुमचं पोट सुटलंय. तिघांच्या मुळाशी कॉर्टिसोल, म्हणजे ताणात वाढणारं शरीरातलं हार्मोनच का, असं तुम्ही विचारलंय. फिजिओथेरपिस्ट म्हणून जे रोज बघते ते सांगते.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोलचाच कृत्रिम भाऊबंद. पण मुलाचे गाल बघू नका, उंची बघा. नुसतं जास्त खाऊन जाड झालेलं मूल उंचीलाही वाढत असतं. स्टेरॉइडने जाड झालेल्याचं वजन चढतं आणि उंची रेंगाळते, कारण हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या कूर्चेचं काम मंदावतं. डॉक्टर पुढे डोस दिवसाआड करतात, त्यामागे हेही एक कारण आहे. दर तीन महिन्यांनी उंची लिहून ठेवा.

मला जास्त काळजी सासूबाईंची वाटते. काटा हलला नाही, कारण बहुधा स्नायू गेले आणि तेवढीच चरबी आली. स्टेरॉइड मांड्या-दंडांचे स्नायू झिजवतं आणि चरबी पोटावर, मानेमागे साठवतं. उतारवयात स्नायू आधीच कमी होत असतात, त्यात ही भर. आमच्याकडे येणाऱ्यांची पहिली तक्रार बहुतेक वेळा ‘संडासात बसलं की उठवत नाही’ हीच असते. त्यांना हात न टेकवता खुर्चीतून उठायला सांगून बघा. हाडं तर स्टेरॉइड सुरू झाल्यावर पहिल्या ३ ते ६ महिन्यांतच सर्वांत झपाट्याने विरळ होतात. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा.

तुमच्या पोटाचं खापर मात्र मी कॉर्टिसोलवर फोडणार नाही, रील्सवाले काहीही म्हणोत. जागरण, अवेळी खाणं, दिवसभर बसून काम, आधी हे बघा. कातडीवर बोटभर रुंद जांभळे पट्टे, जरा लागलं की काळंनिळं होणं, जिना चढताना मांड्यांत बळ नसणं, असं काही असेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे) जा. ‘कॉर्टिसोल कमी करणाऱ्या’ गोळ्यांवर पैसे घालवू नका.

हे वाचून दोघांचंही औषध परस्पर बंद करू नका. अ‍ॅड्रिनल ग्रंथी (शरीरात कॉर्टिसोल बनवणाऱ्या) या औषधामुळे सुस्तावलेल्या असतात, अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं. आणि सासूबाईंना कुणी सांधेदुखीची बिननावाची पुडी आणून दिली असेल, तर तीही डॉक्टरांना दाखवा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.