नुसते दात मोजले आणि फी घेतली!

प्रश्न: नमस्कार डॉक्टर ताई, माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे, खालच्या दोन दाढा किडल्यात, एकीत तर खड्डाच पडलाय आणि जेवताना घास अडकला की दुखतं म्हणते. गावातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांपुढे तोंडच उघडेना, शेवटी त्यांनीच लहान मुलांच्या दातांच्या स्पेशालिस्टकडे सांगलीला पाठवलं. सुट्टी टाकून, एसटीने दोन तास जाऊन काय मिळालं, तर मॅडमनी तिचे दात मोजले, हातात आरसा दिला, नखाला तो फिरणारा ब्रश लावून दाखवला आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाल्या. फी मात्र पूर्ण घेतली! वर दाढांना स्टीलची कॅप लागेल म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, कशाला पैसे घालवता. आम्ही फसलो का हो?
– एक आई, कराड

उत्तर: ताई रागावू नका, पण वाचून मला हसूच आलं. हीच तक्रार माझ्या क्लिनिकबाहेरच्या बाकावर बसून बाबालोक करतात आणि मला आत सगळं ऐकू येतं.

अहो, जी मुलगी नेहमीच्या डॉक्टरांपुढे तोंड उघडत नव्हती तिने परक्या बाईला सगळे दात मोजू दिले, एवढं काम झालंय त्या दिवशी! आमच्यात त्याला टेल-शो-डू म्हणतात, अ‍ॅडलस्टन नावाच्या डॉक्टरांनी १९५९ मध्ये मांडलेली पद्धत आहे आणि आजही आम्ही पोरांच्या बाबतीत सगळ्यात आधी तीच वापरतो. आधी तिला समजेल अशा शब्दांत सांगायचं, मग तिच्या नखावर किंवा बाहुलीवर दाखवायचं, आणि जे दाखवलं तेच लगेच तोंडात करायचं, मध्ये वेगळं काही घुसडायचं नाही. माझ्याकडे सक्शनला, म्हणजे तोंडातलं पाणी ओढणाऱ्या नळीला, हत्तीची सोंड म्हणतात, एक्सरे म्हणजे दाताचा फोटो, आणि इंजेक्शन म्हणजे दाताला झोपवायचं औषध. पण नाव गोड दिलं म्हणून खोटं नाही बोलायचं. मी कधीच "अजिबात कळणार नाही" म्हणत नाही, आधी हिरडीला जेल लावते आणि सांगते की मुंगी चावल्यासारखं होईल, आपण पाचपर्यंत मोजू. पाचला थांबायचं म्हणजे थांबायचं, सहा झाले की विश्वास गेला, आणि साडेचार वर्षांचं पोर असलं काही विसरत नाही.

केसपेपरवर मूल कसं वागलं तेही आम्ही लिहितो, फ्रँकल स्केल म्हणून चार पायऱ्यांचं माप आहे, दोन वजापासून (अजिबात ऐकत नाही) दोन अधिकपर्यंत (हसत साथ देतं). तुमची लेक बहुतेक एका भेटीत वजातून अधिकमध्ये आलीय. फी त्याचीच होती असं समजा. अर्थात गालाला सूज, ताप, हिरडीवर पुवाची पुळी किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर आठवडाभर थांबायचं नाही, तसं काही दिसलं तर लगेच फोन करून जा.

आता सासूबाईंचा मुद्दा. त्या चूक नाहीत, दात पडणारच आहेत, फक्त कधी ते बघा. पुढचे सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत असतात, म्हणजे हिला अजून सहा-सात वर्षं त्यांच्यावरच जेवायचंय! आणि सहाव्या वर्षी त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ येते, काही न पडता गुपचूप येते म्हणून आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. दुधाची दाढ लवकर काढली की ही मागची पुढे सरकते, खालून येणाऱ्या दाताची जागा खाते आणि मग बाराव्या वर्षी तारा लावायला पैसे मोजायचे. काढावीच लागली तर जागा धरून ठेवायला स्पेस मेंटेनर लावतात, पण स्वतःच्या दाढेइतका चांगला स्पेस मेंटेनर नाही.

स्टीलची कॅप ऐकून घाबरू नका, मोठ्यांसारखं दात तासून माप घेऊन बनवत नाहीत, तयार मापाची असते आणि दाढेबरोबरच पडते. कीड दाताच्या आतल्या नसेला पोचलेली नसेल तर स्कॉटलंडच्या डॉ. नॉर्ना हॉल यांच्या पद्धतीने सुई नाही, कोरणं नाही, थेट कॅप बसवता येते, आत अडकलेल्या किडीला खायला मिळत नाही आणि ती थांबते. दोन-चार दिवस चावताना उंच लागतं, मग बसतं. नस खराब झाली असेल तर मात्र आधी नसेची ट्रीटमेंट आणि मग कॅप. तुमच्या केसमध्ये कुठलं ते एक्सरे बघूनच कळेल, तेवढं मॅडमना विचारा. खर्च झेपत नसेल तर सरकारी डेंटल कॉलेजांत, म्हणजे मुंबई, नागपूर, संभाजीनगरला, मुलांचा वेगळा विभाग असतो आणि तिथे बरंच कमी पैशांत होतं, फक्त रांगेची तयारी ठेवा.

पुढच्या वेळी सकाळची, पोर ताजंतवानं असतानाची वेळ घ्या. घरी "सुई", "दुखणं", "घाबरू नको" यातलं काहीच बोलू नका, मॅडम दात मोजतील आणि धुतील एवढं पुरे. आणि जेवत नाही म्हणून "डॉक्टरकडे नेऊन टोचायला लावीन" हे घरात कुणी म्हणत असेल (आजोबा लोक फार म्हणतात) तर कृपया बंद करा, तुमची ती एक धमकी उतरवायला आम्हाला दोन-दोन भेटी लागतात. भूल दिली तर ओठ-गाल दोन-तीन तास बधिर राहतो, पोरं गंमत म्हणून चावत बसतात आणि संध्याकाळी सुजलेला ओठ घेऊन परत येतात, तेवढं लक्ष ठेवा.

प्रश्न: नातू दोन वर्षांचा, रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपतो. वरच्या पुढच्या दातांवर तपकिरी रेघा आल्यात, खालचे स्वच्छ आहेत. असं का?
– एक आजोबा, नाशिक

उत्तर: आजोबा, खालच्या दातांवर जीभ पांघरूण घालते आणि शेजारीच लाळ सुटते, म्हणून ते वाचतात. वरच्यांवर दूध रात्रभर साचून राहतं, त्यात झोपेत लाळही कमी. आधी साखर बंद करा, मग दुधात रोज थोडं पाणी वाढवत न्या, आठ-दहा दिवसांत बाटलीत नुसतं पाणी येईल. दोन रात्री रडेल, आजीला कानात बोळे घालायला सांगा. फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, सकाळी आणि झोपताना, आणि घासायचं मोठ्यांनी. डॉक्टरांना आत्ताच दाखवा, खरं तर पहिला वाढदिवस व्हायच्या आतच एकदा दाखवायचं असतं. एवढ्या लहानाला खुर्चीत बसवत नाहीत, आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून बसतात, पोर आईच्या मांडीवर आणि डोकं डॉक्टरांच्या मांडीवर. रडेल, रडलं की तोंड उघडतं, आम्हाला तेवढंच हवं असतं.

प्रश्न: माझ्या लहानपणी कंपाउंडरने हात धरले होते आणि डॉक्टरांनी तोंडावर हात दाबला होता, मला अजून घाम फुटतो. मुलालाही असंच करतील का?
– एक बाबा, ठाणे

उत्तर: तोंडावर हात दाबायची पद्धत तेव्हा पुस्तकातच होती, अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या संस्थेने २००६ साली ती आपल्या मार्गदर्शनातून काढून टाकली. हात धरायची वेळ आजही कधी येते, पण तुम्हाला आधी विचारून. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, मी आत बसू शकतो ना, आणि मूल ऐकलं नाही तर काय करता? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा. आणि खरं सांगू, तुम्हाला घाम फुटत असेल तर आत आईला पाठवा. पोरं चेहरा वाचतात.

प्रश्न: सात वर्षांच्या मुलीला खालच्या दातांमागे दुसरी रांग आलीय!
– एक आई, रत्नागिरी

उत्तर: पुढचा दुधाचा दात हलतोय का बघा. हलत असेल तर रोज जिभेने हलवू द्या, तो पडला की मागचा बहुतेक वेळा जिभेच्या रेट्याने पुढे येतो. हलतच नसेल तर दाखवून घ्या, काढावा लागेल.