आधी खोडरबर घे

प्रिय पोरी, अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा मेसेज वाचला आणि खरं सांगू, आधी वैतागच आला. व्हायोलिनवादक नेथन मिलस्टाइनच्या स्टॉकहोमच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मी काय तू "८२ वर्षांच्या मानाने छान वाजवलंय" म्हणावंस म्हणून पाठवला होता? मानाने कसलं आलंय! आणि पुढचा प्रश्न तर त्याहून भारी, की बाखच्या शाकॉनला, म्हणजे एकट्या व्हायोलिनच्या त्या लांबलचक रचनेला, या सरांनी एक फिंगरिंग (कुठला सूर कुठल्या बोटानं ते) लिहून दिलंय, त्या सरांनी दुसरं, छापील कॉपीत तिसरंच आहे आणि मिलस्टाइन चौथंच काहीतरी करतोय, तर त्यातलं बरोबर कुठलं.

एक गोष्ट तुला मुद्दाम सांगितली नव्हती, म्हटलं बघू तुझ्या लक्षात येतंय का. १९८६ चा तो कार्यक्रम, त्याचा शेवटचा जाहीर कार्यक्रम, कारण पुढे पडल्याचं निमित्त झालं, डावा हात मोडला आणि वाजवणं संपलं. तर त्या कार्यक्रमाच्या अगदी तोंडावर त्याच्या डाव्या हाताची तर्जनी दुखत होती, म्हणजे आपलं पहिलं बोट. आता पहिलं बोट म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको, सगळा हात त्याच्या भरवशावर उभा असतो, पोझिशन, म्हणजे हात तारेवर कुठे ठेवायचा ते, त्याच्यावरून मोजायची, ऑक्टेव्ह (सूर आणि त्याचाच वरच्या सप्तकातला सूर एकदम) पहिल्या-चौथ्यानं धरायचे, आणि कार्यक्रमात होतं काय तर बेथोव्हनचा क्रॉइत्झर सोनाटा आणि वर शाकॉन. शाकॉनला तर सोबत पियानोही नाही, चांगली पंधरा मिनिटं एकट्यानं कॉर्ड, म्हणजे तीन-चार तारांवरचे सूर एकत्र, ओढायच्या. म्हातारबानं कार्यक्रम रद्द नाही केला, ऐनवेळी फिंगरिंग बदललं, पहिलं बोट होता होईल तेवढं टाळून वाजवला.

आता परत बघ. आवाज बंद करून नुसता डावा हात बघ एकदा.

हे त्याला जमलं कसं? ओडेसात स्टोल्यार्स्कीकडे आणि पुढे आउअरकडे शिकला म्हणून? शिकले तर बरेच जण. जमलं कारण हा माणूस जन्मभर बोटं बदलतच होता, एकच पॅसेज आज असा उद्या तसा, व्हायोलिन दिवसभर हातात. बाखचे सोलो सोनाटा-पार्टिटा (शाकॉन त्यातलाच) पन्नाशीत रेकॉर्ड केले आणि सत्तरीला टेकला तेव्हा १९७३ ला परत सगळे केले. झालं एकदा, बसलं, असं त्याच्याकडे नव्हतंच. म्हणून म्हणतो बोटं बदल. तुझे दोन्ही सर चूक नाहीत आणि दोघंही तुझ्या हातानं वाजवत नाहीत, तुझी करंगळी आखूड आहे हे त्यांच्या कॉपीला कुठे माहितीये?

(तुझं बोट दुखत असेल तर मात्र सरळ डॉक्टरकडे जा, हे मिलस्टाइनगिरीचं काम नाही.)

माझं म्हणशील तर मी मुंबईत रेकॉर्डिंगला व्हायोलिन सेक्शनमध्ये बसायचो तेव्हाची गोष्ट. बो (गज) वर की खाली हे सेक्शनचा लीडर ठरवतो, सगळ्यांचा एकसारखा, ते मी कधी मोडलं नाही, पण बोटं माझी होती. दोन टेकमध्ये मी बोट बदललं की सरकण्याचा बारीक आवाज वेगळ्या जागी यायचा आणि आतून कुणीतरी ओरडायचं, मघाचंच द्या म्हणून. हळूहळू बोलावणी कमी झाली, मी म्हणे भरवशाचा नाही. ठीक आहे, नसेन, पण तो दुसरा टेक चांगला होता आणि आजही मी तसाच वाजवीन, पैसे गेले ते गेले. लागून राहिलंय ते वेगळंच, माझ्या गुरुजींसमोर ते असेपर्यंत मी त्यांनी लिहून दिलेलीच बोटं वाजवली. ते कदाचित ओरडले असते, कदाचित हसले असते, आता कोण सांगणार.

असो, तुझं काम सांगतो. खोडरबर घे आणि शाकॉनच्या पहिल्या पानावरचे पेन्सिलचे सगळे आकडे पूस, दोन्ही सरांचे. मग पहिल्या आठ मापांतली वरच्या सुरांची चाल तेवढीच वाजव, आधी होईल तितकी ए तारेवर, मग डी तारेवर उंच चढून, मग पहिलं बोट न लावता. मोकळी तार वाजली की बाकीचं कसं कोरडं वाटतं ते ऐक. फोनवर रेकॉर्ड कर. तिन्ही ऐकून जे आवडेल ते लिही आणि पुढच्या आठवड्यात नाही आवडलं तर तेही पूस. तुला वाटेल परीक्षा जवळ आलीये आणि सर भलतंच काय सांगतायत, पण परीक्षक बोटं मोजायला बसत नाही गं, तो ऐकतो. आपल्या डी. के. दातारांचं व्हायोलिन ऐकताना तू कधी मोजलंस का मींड कुठल्या बोटावर चाललीये?

बोटं बदल. किती वेळा लिहू?

रविवारी सकाळी ये, कॉपी कोरी पाहिजे. आणि त्या दुसऱ्या सरांना माझं नाव सांगू नकोस, त्यांचा आधीच माझ्यावर राग आहे.

तुझा सर