वर्गात दमा असलेली मुले किती, हे आपण काय विचारतो यावर ठरते

आपण विचारले आहे की गोव्यातील शाळकरी मुलांमध्ये दमा आणि ॲलर्जीचे विकार किती प्रमाणात आढळतात, आणि आपल्या मुलीच्या पाचवीच्या वर्गात तीन मुलांच्या दप्तरात दम्याचा पंप (इनहेलर) असतो, हे काळजी करण्याइतके जास्त आहे का. मी डॉक्टर नाही. डिचोली तालुक्यातील एका हायस्कूलमध्ये मी बरीच वर्षे विज्ञान शिकवते आणि माझ्या मुलाला लहानपणापासून दमा आहे. त्यामुळे या विषयावर मी जमेल तेवढे वाचत आले आहे.

शाळकरी मुलांमधील दमा आणि ॲलर्जीची सर्वांत मोठी आंतरराष्ट्रीय पाहणी ‘आयझॅक’ या नावाने ओळखली जाते. ती १९९०च्या दशकात सुरू झाली आणि ६-७ व १३-१४ या दोन वयोगटांतील मुलांना जगभर एकच प्रश्नावली देण्यात आली. तिसऱ्या टप्प्यात एकट्या १३-१४ वयोगटातच ९७ देशांतील जवळजवळ आठ लाख मुले होती. गेल्या बारा महिन्यांत छातीतून शिटीसारखा आवाज आला होता का, या प्रश्नाला ६-७ वर्षांच्या गटात ‘होय’ असे उत्तर जोधपूरमध्ये २.४ टक्के मुलांच्या बाबतीत मिळाले, तर कोस्टा रिकात ३७.६ टक्के मुलांच्या बाबतीत. त्यानंतर आयझॅकचेच काम पुढे नेणाऱ्या ग्लोबल ॲस्थमा नेटवर्कने भारतात केलेल्या पाहणीत दोन्ही वयोगटांचे प्रमाण ३ ते ४ टक्क्यांच्या दरम्यान निघाले. चाळीस मुलांच्या वर्गात ते एक-दोन मुले इतके भरते. एकाच वर्गात तीन पंप असणे हा निव्वळ योगायोगही असू शकतो, तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही.

मला अधिक काळजी वाटते ती पंप नसलेल्या मुलांची. त्याच भारतीय पाहणीत असेही दिसले की लक्षणे असलेल्यांपैकी बहुतेकांना दम्याचे निदान झालेलेच नव्हते. हे मला शाळेत अगदी जवळून दिसते. आमच्याकडे वर्षाच्या सुरुवातीला आरोग्याच्या माहितीचा एक कागद पालकांकडून भरून घेतला जातो. त्यात पूर्वी ‘मुलास दमा आहे काय?’ असा एकच प्रश्न होता आणि त्यापुढे जवळजवळ सगळे पालक ‘नाही’ लिहीत. ‘दमा’ हा शब्द आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या दुखण्याचा मानला जातो, आणि मुलगी असेल तर तिच्या लग्नाचा विचार आईवडिलांच्या मनात आत्तापासून येतो. मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी तो प्रश्न बदलला. रात्री किंवा पहाटे खोकल्याने मूल उठते का, खेळल्यावर किंवा खूप हसल्यावर खोकला येतो का, श्वास सोडताना बारीक शिटीसारखा आवाज येतो का, असे विचारल्याबरोबर पालक सविस्तर लिहू लागले. एका आईने समासात लिहिले होते, ‘दमा नाही, फक्त पावसात छाती भरते आणि रात्रभर बसून राहतो.’

या शिटीच्या आवाजासाठी आपल्या भाषेत नेमका शब्द नाही, ही अडचण खरी आहे. ‘घरघर’ म्हटले की बहुतेक आया नाकातला किंवा घशातला कफ समजतात. भाषांतराची ही अडचण ओळखूनच आयझॅकमध्ये मोठ्या मुलांना दम्याची लक्षणे दाखवणारी चित्रफीत दाखवून प्रश्न विचारण्याचीही सोय केली होती.

माझ्या मुलाच्या बाबतीत आम्ही तीन वर्षे अशीच घालवली. ‘थंड बाधते’ म्हणून केळे बंद, दही बंद, आणि दर महिन्याला खोकल्याच्या औषधाची नवी बाटली. एका पहाटे तो अंथरुणात दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, खांदे वर उचलून बसला होता आणि प्रत्येक श्वासाबरोबर त्याच्या गळ्याच्या खालची खळगी आत ओढली जात होती, तेव्हा मला कळले की हा साधा खोकला नव्हे. पंपाची सवय लागेल या भीतीने मीच आधी तो नाकारला होता, याचे मला आजही वाईट वाटते. साल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीस पट. हे मला कोणी आधी सांगितले असते, तर मी गोळ्यांचा हट्ट धरला नसता.

ॲलर्जीच्या सर्दीची आणि त्वचेच्या खाजऱ्या चट्ट्यांची मोजणीही त्याच प्रश्नावलीने होते. सर्दीचा प्रश्न असा असतो की साधी सर्दी किंवा फ्लू नसतानाही शिंका, नाक गळणे किंवा नाक बंद होणे असा त्रास होतो का. आमच्या पावसाळ्यात घरात कोणाला ना कोणाला सर्दी असतेच, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देणे पालकांना अवघड जाते.

गोव्यातील कारणांबद्दल आपण विचारलेले नाही, तरीही थोडे लिहिते. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, गाद्या-उशा उन्हाला लागत नाहीत, आणि दमट, उबदार हवेत धुळीतील सूक्ष्म किडे व बुरशी दोन्ही वाढतात. दिवाळीच्या पहाटे नरकासुर जाळल्यानंतरच्या धुराने काही मुलांचा त्रास उसळतो. आमच्या भागात लोक सगळा दोष खाणीच्या धुळीला देतात. धुळीने दमा असलेल्या मुलाचा त्रास वाढतो, यात शंका नाही, परंतु दमा मुळात होण्याचे कारण इतके सरळ नसते. जर्मनीच्या एकीकरणानंतर तुलना झाली तेव्हा प्रदूषित पूर्वेकडील लायपझिग व हाले या शहरांपेक्षा पश्चिमेकडील म्युनिकच्या मुलांमध्ये दमा जास्त निघाला होता, आणि ब्राँकायटिस (श्वासनलिकांचा दाह) मात्र पूर्वेकडे जास्त होता. म्हणून ट्रकच्या रस्त्यापासून दूर, स्वच्छ वाड्यावर राहणाऱ्या मुलाचा रात्रीचा खोकलाही तितक्याच गांभीर्याने घ्यावा.

आपल्या मुलीच्या वर्गाचा खरा आकडा जाणून घ्यायचा असेल, तर पालकसभेत वर लिहिलेले तीन प्रश्न विचारून पाहावेत, आणि ज्यांचे उत्तर ‘होय’ येईल त्यांनी मुलाला बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. ज्या तीन मुलांकडे पंप आहे, त्यांचा पंप कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद न ठेवता दप्तरातच राहू द्यावा, एवढी विनंती वर्गशिक्षकांना जरूर करावी.