कापता येत नाही, कापवत नाही, कापणार नाही

देवगडच्या एका वाचकाने विचारलं आहे: 'माझ्या विज्ञानकथेत एक बोटमालक माणसासारखा दिसणारा अँड्रॉइड करवून घेतो, मुलासारखा वागवतो. पुढे तो स्वतःच्या मनाने वागू लागतो. तिथे "इच्छास्वातंत्र्य" फार जड वाटतं. दुसरा शब्द आहे का? आणि तो मालकाला काय म्हणेल?'

शब्द शोधूच नका. 'स्वेच्छा' आता निवृत्तीपुरती उरली आहे. 'मर्जी' नेहमी वरच्याची. ती राखायची, नाहीतर ती खप्पा होते. तुमचं काम क्रियापदच करेल.

समजा, पर्ससीनवाला (यांत्रिक बोटीवरून मोठं जाळं टाकणारा) मालक म्हणाला, 'त्या रापणीची (किनाऱ्यावरून हाताने ओढायच्या पारंपरिक मासेमारीची) जाळी कापून टाक.' अँड्रॉइड तीन तऱ्हेने नाही म्हणू शकतो. 'मला कापता येत नाही' म्हणजे आतली आज्ञावली आड येते. विज्ञानकथालेखक आसिमोव्हने १९४२च्या एका कथेत रोबॉटांसाठी जे तीन नियम मांडले (माणसाला इजा करू नये, आज्ञा पाळावी, स्वतःला जपावं), त्यांनी बांधलेला रोबॉट इथवरच येतो. 'मी कापणार नाही' हा उघड निर्धार. आणि मधलं, 'माझ्याने कापवत नाही.' व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. सुरी धारदार आहे, हात शाबूत आहे, तरी धजवत नाही. कर्ता तृतीयेत जाऊन बसतो, त्यामुळे नकार कुणी दिला हे वाक्य सांगतच नाही.

मला विचाराल तर कथेला हेच वाक्य द्या. तुमच्याकडचं 'माज्यान होवचा नाय' ऐकूनही अंगात ताकद नाही की मनात नाही, ते कळत नाही. मालक असेल तर तो मेकॅनिकला फोन लावेल. बाप असेल तर 'का रे?' म्हणेल. तुमचा माणूस दोघांपैकी कोण, हे वाचकाला तिथेच समजेल.

'रोबॉट' हा शब्द कारेल चापेकच्या १९२०च्या नाटकातला, चेक भाषेतल्या 'रोबोटा'वरून, म्हणजे वेठ. (ते रोबॉट लोखंडी नव्हतेच, आज आपण त्यांना अँड्रॉइड म्हटलं असतं.) वेठ म्हणजे काय, हे खोती (सारा वसूल करणाऱ्या खोतांची जमीनदारी) पाहिलेल्या कोकणाला वेगळं सांगायला नको. अलिबागजवळच्या चरीत कुळांनी १९३३मध्ये खोतांविरुद्ध संप केला, त्याचं क्रियापद मात्र रोखठोक होतं: कसणार नाही.

आता हाक. 'निर्माता' नको, सिनेमावाला वाटतो. त्याला पहिल्यापासून 'बाबा'च म्हणू दे. मालकानेच शिकवलेला शब्द, लाडापेक्षा ताबेदारीसाठी. नकार देताना मात्र त्याच्या तोंडी 'मालक' येऊ दे. पोटचं पोर भांडणात 'जन्माला कशाला घातलंत?' असं विचारतं. याला ती सोय नाही. तो फार तर म्हणेल, 'तुम्ही मला बनवलंत', आणि त्या क्रियापदाचे दोन्ही अर्थ तुम्हाला आयते मिळतील.