कॉलेजात टेनिस खूप चांगलं खेळलेला माणूस पुढे कोच म्हणून करिअर करू शकतो का?

हो, नक्की करू शकतो, आणि अमेरिकन टेनिसपटू पॉल गोल्डस्टीन हे त्याचं एकदम चांगलं उदाहरण आहे. १९९५ ते ९८ अशी चारही वर्षं त्याच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टीमने अमेरिकेतली कॉलेज चॅम्पियनशिप जिंकली, ९८ च्या सिंगल्स फायनलला तो टीममेट बॉब ब्रायनकडून हरला, मग प्रो टूरवर २००६ मध्ये ५८व्या रँकपर्यंत गेला, नंतर काही वर्षं टेनिसबाहेर नोकरी केली आणि २०१४ पासून स्टॅनफर्डच्याच मुलांचा हेड कोच झाला. मी इथं बेळगावात पोरांना टेनिस शिकवतो म्हणून हे सगळं आवडीनं फॉलो करतो. गोल्डस्टीनकडे डिग्री होती म्हणून मधल्या काळात अडलं नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, त्यामुळं तुमचा मुलगा टेनिस खेळत असेल तर त्याचं शिक्षण अर्धवट सोडवू नका. फक्त आपल्याकडं नुसत्या मेडलांवर कोचची नोकरी मिळेल असं धरून चालू नका, सरकारी जागेसाठी सहसा पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंग डिप्लोमा मागतात, अकॅडमीत शिकवायचं तर आयटीएफचा (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा) लेव्हल वन कोर्स उपयोगी पडतो. हा कोर्स खेळत असतानाच केला तरी चालतो की.