कृषी सल्ला: कुंडीतले टोमॅटो, गावातली ताजी भाजी आणि दुकानदाराची चिठ्ठी

पोळा जवळ आला की टोमॅटोचे प्रश्न सुरू होतात. यंदा शेतातल्या पिकाइतकेच प्रश्न अंगणातल्या आणि गच्चीवरच्या कुंड्यांचे आहेत. बऱ्याच जणांनी प्रश्नासोबत खत-औषधांच्या दुकानदाराने लिहून दिलेली चिठ्ठीही पाठवली आहे. त्या चिठ्ठ्या वाचून आधीच सांगतो: दहा कुंड्यांच्या टोमॅटोला त्यातलं बहुतेक काहीही लागत नाही. लागते ती लागवडीची बरोबर वेळ आणि नेमाने पाणी.

"मे महिन्यात झाड कमरेएवढं झालं, फुलं भरपूर आली, पण सगळी गळाली. दुकानातून दोन टॉनिकं आणून मारली. एक फळ धरलं नाही." (नांदेड जिल्हा)

धरणारच नाही. दिवसाचं तापमान 35 अंशांच्या वर आणि रात्रही उकाड्याची असली की टोमॅटोचा पराग निकामी होतो. आपल्याकडे मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या पुढे जातो. अशा वेळी फूल गळणं हा रोग नाही आणि त्यावर औषधही नाही. टॉनिक मारून मेलेला पराग जिवंत होत नाही. फुलगळ थांबवायचं म्हणून जे संजीवक देतात, त्याची मात्रा जास्त पडली तर पानं वळतात आणि एखादं फळ धरलंच तर ते पोकळ निघतं.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे आणि तो मी प्रत्येक गावात धरतो: पोळ्याला बी टाका, घटस्थापनेला रोप कुंडीत लावा. मधे महिनाभर मिळतो, रोपाला तेवढाच काळ लागतो. पुढे पाऊस ओसरतो, रात्री गार होत जातात, दिवाळीच्या सुमारास फूल येतं आणि नोव्हेंबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंत घरचे टोमॅटो मिळतात. डिसेंबरात परभणीकडे पारा कधी कधी 10 च्या खाली उतरतो, तेव्हा फळधारणा काही दिवस मंदावते. तेवढ्यावरून घाबरून खत वाढवू नका, ऊन वाढलं की झाड आपोआप चालू होतं. घटस्थापना हुकली तर दसरा-कोजागिरीपर्यंत लावा. जानेवारी उलटल्यावर लावलेलं झाड फुलावर येईपर्यंत ऊन गाठतं. फेब्रुवारीतही दुकानात रोपं मिळतात आणि "आत्ता लावलं तरी चालतं" असं सांगितलं जातं. मराठवाड्यात चालत नाही.

"कुंडीत मूठभर युरिया टाकतो. झाड हिरवंगार आहे पण फळ कमी. आणखी टाकू का?" (जालना)

भाऊ, आधी हिशोब पाहा. युरियाची 45 किलोची एक गोणी एकराला टाकली तर चौरस मीटरला 11 ग्रॅम पडते. तुमची कुंडी फूटभर रुंद असेल, तर तिच्या वाट्याला जेमतेम पाऊण ग्रॅम येतो. मूठ म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम. म्हणजे तुम्ही एकरी चाळीस-पन्नास गोण्यांच्या दराने युरिया टाकताय. शेतात असं कोणी करणार नाही, कुंडीत मात्र सर्रास होतं, कारण मूठ लहान दिसते.

कुंडीत युरिया नको, डीएपीही नको. कुंडी भरतानाच एक तृतीयांश चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत घाला. फूल येऊ लागलं की पंधरा दिवसांनी एकदा 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला 2 ग्रॅम विरघळवून मुळाशी द्या, फळं फुगताना त्याऐवजी 13:0:45 हे खत त्याच मापाने. दोन ग्रॅम म्हणजे दोनच ग्रॅम. "थोडं जास्त घाला, लवकर फरक दिसेल" असं दुकानात सांगतील. फरक दिसतो तो करपलेल्या पानांच्या कडांवर.

जास्त पडलंच असेल तर कुंडी दोन-तीनदा खालून पाणी निथळेपर्यंत भिजवा आणि महिनाभर काही देऊ नका.

"फळाच्या बुडाला काळा, चपटा डाग पडतो. दुकानदार करपा म्हणतो, बुरशीनाशक दिलंय." (धाराशिव)

हा करपा नाही आणि बुरशीही नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचलं नाही की असं होतं. कॅल्शियम पाण्याबरोबर चढतं. एक दिवस कुंडी चिखल, दोन दिवस भेगा, असं झालं की पुरवठा तुटतो. आपल्या काळ्या जमिनी चुनखडीच्या, मातीत कॅल्शियमची कमतरता नाही. त्यामुळे बुरशीनाशक तर वाया जातंच, कॅल्शियमची महागडी बाटलीसुद्धा पाण्याची घडी बसल्याशिवाय उपयोगाची नाही. युरिया जास्त झाला तर हाच डाग आणखी वाढतो.

डागी फळं तोडून टाका, म्हणजे झाडाचा जोर बाकीच्यांना मिळेल. रोज सकाळी एकाच वेळी पाणी द्या. बोट दोन पेरं मातीत खुपसा, ओल लागली तर त्या दिवशी थांबा. मातीवर दोन-तीन बोटं जाड सोयाबीनचं भुसकट पसरा. घरोघरी पडून असतं, फुकट आहे आणि ओल धरून ठेवण्यात त्याला तोड नाही. फळं तडकत असतील तर त्याचंही मूळ यातच आहे.

बोअरचं पाणी खारं असेल तर कुंडीच्या कडेला पांढरी पुटं चढतात. अशा ठिकाणी पंधरा दिवसांनी एकदा भरपूर पाणी देऊन क्षार खालून निघू द्या. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी मात्र कुंडीला घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

"शेंड्याची पानं आकसून वाटीसारखी झाली, झाड खुजं राहिलं. तीन औषधं एकत्र करून मारली." (बीड)

ताई, हा बोकड्या आहे. विषाणूचा रोग, पांढरी माशी पसरवते. एकदा झाड धरलं की बाजारातलं कुठलंही औषध ते बरं करत नाही. तीन एकत्र केली काय आणि पाच केली काय. झाड उपटा, पिशवीत बांधा, फेकून द्या. जीव तुटतो, मान्य आहे, पण एका झाडापायी शेजारच्या नऊ कुंड्या जातात.

हा रोग रोपातच रोखावा लागतो. विकतच्या रोपात तो बऱ्याचदा आधीच असतो, पण पंधरा-वीस दिवस दिसत नाही. म्हणून रोप घरी करा. ट्रेमध्ये किंवा पसरट घमेल्यात बी टाका आणि पहिल्या दिवसापासून 40 ते 50 मेशची (इंचाला तेवढी भोकं असलेली) नायलॉन जाळी चारी बाजूंनी बंद करा. मच्छरदाणी चालत नाही, तिच्या भोकांतून पांढरी माशी आरामात जाते. रोप कुंडीत गेल्यावर चार-पाच कुंड्यांमागे एक पिवळा चिकट सापळा लावा. आठवड्याला निंबोळी अर्क: 50 ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवा, फडक्यातून गाळा, एक लिटर करा, चिमूटभर साबण घाला, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा.

वाण विचारलात, तर अर्का रक्षक बोकड्या, लवकर येणारा करपा आणि जिवाणूजन्य मर या तिन्हींना तोंड देतो. पण तो संकरित आहे, त्याचं बी धरू नका. बी धरायचं असेल तर राहुरी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री घ्या.

"कुंडी कोणती, माती कोणती?" (बऱ्याच जणांकडून)

12 लिटरपेक्षा लहान नको. 20 लिटरची रंगाची रिकामी बादली धुऊन, बुडाला पाच-सहा भोकं पाडून उत्तम. नुसती काळी माती भरू नका, भिजली की चिखल आणि वाळली की भेगा. काळी माती, शेणखत आणि मुरमाड माती किंवा कोकोपीट सारख्या भागांनी घ्या. आधाराला तुराटी. खोडातून निघणारी खालची बगलफूट काढा. बंद गॅलरीत वारा नसेल तर सकाळी फुलांच्या घोसाला टिचकी मारा, पराग पडतो, फळधारणा वाढते. सहा तास ऊन नसेल त्या जागी टोमॅटो लावूच नका, पालक लावा.

"आमच्याकडे सगळा कापूस-सोयाबीन. भाजी विकत घेतो, पण ताजी आणि चांगली कुठली ते कळत नाही." (परभणी)

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पाच-दहा एकराच्या घरात कोथिंबीरसुद्धा बाजारातून येते, हे बरं नाही.

आठवडी बाजारात व्यापाऱ्याच्या ढिगापेक्षा कडेला गोणपाटावर थोडा माल घेऊन बसलेल्या शेतकऱ्याकडे जा. त्याच्याकडे एक-दोनच भाज्या असतात, आकार लहान-मोठा असतो, देठ हिरवा आणि ओला असतो. त्याला सरळ विचारा, शेवटची फवारणी कधी केली? जो दिवस सांगतो त्याच्याकडून दर आठवड्याला घ्या. मे-जूनमध्ये स्थानिक टोमॅटो शोधत बसू नका. तेव्हा माल नारायणगावकडून येतो, लांब जायचा म्हणून कच्चा तोडलेला असतो. त्या दिवसांत गवार, भेंडी, दोडका खा.

थंडीत तर आपल्या शिवाराइतकी भाजी कुठे नाही. करडईची कोवळी पानं, हरभऱ्याचे शेंडे, चाकवत, आंबट चुका. फक्त त्या रानात तणनाशक किंवा अळीचं औषध पडलंय का, हे मालकाला विचारल्याशिवाय एक पानही खुडू नका. मिठाच्या पाण्यात धुतलं की विष निघतं, हा गैरसमज आहे. वरचं काही प्रमाणात निघतं, आंतरप्रवाही औषध पानाच्या आत असतं.

"अनुदान आहे का?"

सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावरचं शेडनेटगृहाचं अनुदान शेतातल्या रचनेसाठी आहे, कुंड्यांसाठी नाही. परसबागेसाठी गावातल्या उमेद अभियानाच्या बचत गटात विचारा. 2016 पासून भाजीपाला बाजार समितीबाहेर थेट विकता येतो, तेव्हा जास्तीचे टोमॅटो शेजारी विकायला कोणाची परवानगी लागत नाही. अनुदान मिळवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

"कापसाचं औषध उरलंय. तेच कुंडीवर मारलं तर?" (हिंगोली)

मारू नका. हा प्रश्न दर हंगामात येतो आणि दर हंगामात मी हेच सांगतो. कापसाचं औषध भाजीसाठी शिफारस केलेलं असेलच असं नाही. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाला भाजीपाल्यावर कितीतरी वर्षांपासून बंदी आहे, तरी "थोडंसं मारा, काही होत नाही" म्हणणारे दुकानदार आजही भेटतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधेने माणसं दगावली, ती उघड्या शेतात. तुम्ही ते गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी मारणार.

मापाचंही तसंच. बाटलीचं टोपण पंधरा लिटरच्या पंपासाठी वापरतात, तेच लोक एक लिटरच्या हातपंपात ओततात. म्हणजे मात्रा पंधरापट. शिवाय लेबलवर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडायचे ते लिहिलेलं असतं. कुंडीतला टोमॅटो आपण दोन-तीन दिवसांआड तोडतो, पोरं येता-जाता तोडून खातात. तिथे ते दिवस पाळले जाऊच शकत नाहीत. म्हणून फळ लागल्यावर कुंडीवर रासायनिक औषध नको, लेबलवर जहाल विषाचा लाल त्रिकोण असलेलं नको आणि निळ्या त्रिकोणाचंही नको. अळी दिसली तर हाताने वेचा, पोखरलेलं फळ तोडून टाका.

उरलेलं औषध मूळ बाटलीत, कुलपात ठेवा. रिकामी बाटली तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता, बाटलीला भोकं पाडा. औषधाच्या डब्याची कुंडी कधीही करू नका, कितीही धुतला तरी. दुकानातून काहीही घ्याल तर बॅच नंबर असलेलं पक्कं बिल मागा. दिलं नाही तर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्या. चिठ्ठीतलं नाव कळलं नाही तर विकत घेण्याआधी किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर विचारा, फोन फुकट आहे.